नानजिंगला शिकायला जाताय? पहिल्या तीस दिवसांचा क्रम आधी समजून घ्या

चीनमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारे एजंट फी, हॉस्टेल आणि विमानाचं तिकीट याबद्दल भरभरून बोलतात. पोहोचल्यानंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. आणि विद्यार्थी अडकतात ते याच महिन्यात. कारण तिथलं प्रत्येक काम आधीच्या कामाला बांधलेलं असतं. पासपोर्टशिवाय सिम नाही, सिमशिवाय पैशांचं ॲप नाही, बँकेला चिनी नंबर लागतो, आणि निवास परवान्यासाठी अर्ज केला की पासपोर्टच दोन-तीन आठवडे हातातून जातो. एक काम चुकीच्या वेळी केलं की पुढची चार खोळंबतात.

इथे उदाहरण नानजिंगचं घेतलं आहे. च्यांगसू प्रांताची ही राजधानी. नानजिंग विद्यापीठ, साउथईस्ट विद्यापीठ, होहाई विद्यापीठ, नानजिंग वैद्यकीय विद्यापीठ अशी अनेक विद्यापीठं एकाच शहरात आहेत. परवाने आणि पोलीस नोंदणी यांचे नियम देशभर एकच आहेत, त्यामुळे वूहानला किंवा हांगचौला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

निघण्यापूर्वीचे कागद

विद्यापीठाकडून दोन कागद येतात: प्रवेशपत्र आणि व्हिसासाठीचा फॉर्म. स्वखर्चाने जाणाऱ्याला जेडब्ल्यू २०२, चीन सरकारच्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याला जेडब्ल्यू २०१. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचा अर्ज मुंबईच्या चिनी व्हिसा केंद्रातून जातो. अभ्यासक्रम १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर एक्स१ व्हिसा, त्याहून कमी, म्हणजे एका सत्राच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीसाठी, एक्स२. एक्स१ वर ‘मुक्कामाचे दिवस’ या रकान्यात ००० छापलेलं असतं. ते पाहून घाबरू नका, ती छपाईची चूक नव्हे. चीनमध्ये पाऊल ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा, असा त्याचा अर्थ. शिवाय हा व्हिसा बहुधा एकाच प्रवेशाचा असतो. परवाना हातात येण्याआधी हाँगकाँगला फेरफटका मारून आलात तरी तो संपला, आणि परत आत यायला नवा व्हिसा.

परदेशी व्यक्तींसाठीचा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म भारतातच भरून न्यायचा असतो. त्यावर फोटो चिकटवून रुग्णालयाचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटला पाहिजे. रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे यांच्या मूळ प्रती सोबत हव्यात. फॉर्म सहा महिनेच चालतो, म्हणून प्रवेशपत्र येण्याआधी घाई करून तपासणी उरकू नका. चीनमध्ये हा फॉर्म पडताळला जातो. शिक्का अपुरा असेल किंवा एखादी चाचणी राहिली असेल तर तिथे सगळी तपासणी पुन्हा, चारशे-पाचशे युआन खर्चून. एक युआन साधारण १२-१३ रुपये धरा.

विद्यापीठाने पदवी प्रमाणपत्र किंवा पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र प्रमाणित करून मागितलं असेल, तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चीन नोव्हेंबर २०२३ पासून ॲपॉस्टिल करारात (एका शिक्क्यावर सदस्य देशांत कागद ग्राह्य धरण्याचा करार) आला असला तरी भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. त्यामुळे ‘ॲपॉस्टिल करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊन उपयोग नाही. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि मग चिनी वकिलातीकडून साक्षांकन हाच रस्ता. याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्यांदा सुरू करा.

सगळे मूळ कागद केबिनच्या बॅगेत ठेवा. चेक-इनचं सामान दोन दिवसांनी आलं तर कपड्यांविना चालतं, जेडब्ल्यू २०२ विना चालत नाही. आणि विद्यापीठाला दिलेला ईमेल जीमेलचा असेल तर आत्ताच बदला. जीमेल चीनमध्ये उघडत नाही, आउटलुक उघडतं. नोंदणीची तारीख, परवान्याची वेळ, वसतिगृहाची खोली या सगळ्या सूचना ईमेलवरच येतात.

एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी चार ओळी

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह हवा. वर त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याची पात्रताही हवी. ‘इंटर्नशिप भारतात येऊन करू’ असं सांगणारा एजंट तुमची पाच-सहा वर्षं पणाला लावतोय. भारतीय दूतावासाने २०२२ मध्ये दिलेल्या सूचनेतला आकडा घरच्यांनाही वाचून दाखवा: २०१५ ते २०२१ दरम्यान चीनमधून शिकून आलेले ४०,४१७ जण भारतातल्या पात्रता परीक्षेला बसले, उत्तीर्ण झाले ६,३८७. इंग्रजी माध्यम असलं तरी वॉर्डातला रुग्ण चिनीच बोलतो. भाषा पहिल्या वर्षीच मनावर घेतली नाही तर इंटर्नशिप नुसतं उभं राहण्यात जाते. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी हे किमान ध्येय धरा.

फोन: दोन देशांच्या बंदीच्या मधली अडचण

ही अडचण इतर देशांच्या विद्यार्थ्यांना येत नाही, म्हणून विद्यापीठांच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत ती सापडणार नाही. भारताने २०२० मध्ये वीचॅटवर (निरोप आणि पैसे दोन्हींचं चिनी ॲप) आणि पुढे अलिपेवरही (पैसे देण्याचं ॲप) बंदी घातली. भारतातल्या प्ले स्टोअरमध्ये आणि ॲप स्टोअरमध्ये ही ॲप्स दिसतच नाहीत, आणि +९१ च्या नंबरवर वीचॅटचं खातं उघडत नाही. तिकडे चीनमध्ये गूगल प्ले बंद. म्हणजे अँड्रॉइड फोन घेऊन उतरलेला भारतीय विद्यार्थी ज्या दोन ॲप्सवर अख्खं चीन चालतं, ती दोन्ही कुठूनच घेऊ शकत नाही, असं पहिल्या दिवशी वाटतं.

वाट आहे. चिनी सिम मिळाल्यावर अँड्रॉइडवर वीचॅट आणि अलिपे त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट उतरवता येतात. शाओमी, व्हिवो, ओप्पो यांच्या भारतात विकलेल्या फोनमधलं ॲप स्टोअर चिनी फोनमधल्यासारखं नसतं, त्यावर विसंबू नका. आयफोनवाल्यांना ॲपल खात्याचा देश बदलावा लागतो. खात्यात शिल्लक रक्कम किंवा चालू सबस्क्रिप्शन असेल तर देश बदलता येत नाही, म्हणून आयक्लाउडची वर्गणी वगैरे भारतातच आटपून घ्या. अनोळखी साइटवरून मिळालेली फाइल मात्र चुकूनही टाकू नका; याच ॲपला तुमचं बँक खातं जोडलं जाणार आहे.

वीचॅटचं नवं खातं उघडताना जुन्या वापरकर्त्याने तुमच्या पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ओळख पटवावी लागते. एकदा मदत केलेल्या माणसाला लगेच दुसऱ्याला मदत करता येत नाही. एकाच तुकडीतले दहा जण एकाच सीनियरकडे गेले तर नऊ जण परत फिरतात. स्वयंसेवक म्हणून आलेले चिनी विद्यार्थी, वसतिगृहाच्या काउंटरवरची ताई, वर्गप्रतिनिधी असे वेगवेगळे लोक गाठा.

घरी बोलायचं कसं, हा पुढचा प्रश्न. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि गूगल चीनमध्ये बंद. वीचॅट भारतात बंद. घरी आयफोन असेल तर फेसटाइम चालतं. नसेल तर आई-बाबांच्या फोनवर मायक्रोसॉफ्ट टीम्स निघण्यापूर्वी टाकून, एकदा समोर बसून कॉल लावून दाखवा. भारतीय सिमच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर व्हॉट्सॲप चालतं, कारण तो डेटा भारतातून फिरून येतो. महाग पडतं, पण पहिल्या आठवड्यासाठी एक रोमिंग पॅक घेणं शहाणपणाचं. बंद साइट उघडण्यासाठी लोक वापरतात ते विनापरवाना व्हीपीएन तिथल्या नियमांत बसत नाही. कोणी वापरतं म्हणून ते वैध ठरत नाही, हे डोक्यात असू द्या.

भारतीय नंबर बंद पडू देऊ नका. कार्डाचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्या, घरातल्या एकाला रिचार्जची जबाबदारी द्या, आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. भारतीय कार्डांवर ते मुळात बंदच असतात. तिथे पोहोचून सुरू करायला पुन्हा ओटीपी लागतो.

फोनमध्ये आणखी दोन गोष्टी आधीच भरून ठेवा. प्लेको हा शब्दकोश, आणि इंटरनेटशिवाय चालणारं एखादं भाषांतर ॲप, त्यातलं चिनी भाषेचं पॅकेज उतरवून. वसतिगृहाचा पत्ता चिनी लिपीत फोटो म्हणून साठवा. टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरातला पत्ता दाखवून काहीच कळत नाही.

बॅगेत काय नको

तूप, लोणी, चीज, ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं: हे सगळं चीनच्या सीमाशुल्काच्या निषिद्ध यादीत मोडतं. दळलेले मसाले, पापड, चकली, लाडू यांवर सहसा कोणी हरकत घेत नाही. पण लाडू तुपातले आहेत हे सांगायच्या फंदात न पडता पाकीटबंद, नाव छापलेलं घ्या. घरच्या गोड्या मसाल्यात खसखस पडते, आणि खसखस चीनमध्ये मसाला म्हणून बाजारात विकायला मनाई आहे. आईला खसखस न घालता मसाला करायला सांगा, चवीत फार फरक पडत नाही. खसखशीची वेगळी पुडी तर मुळीच नको. कोडीनयुक्त खोकल्याचं औषध आणि झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीशिवाय नेऊ नका.

२८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात ३सी हे चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही. भारतात घेतलेल्या बहुतेक पॉवर बँकांवर ते नसतं. ग्वांगचौला उतरून पुढे नानजिंगचं विमान पकडणार असाल तर ती सुरक्षा तपासणीतच काढून घेतात. तिथे पोहोचून नवी घ्या.

आपली गोल तीन पिनांची प्लग तिथे बसत नाहीत, दोन ॲडॉप्टर पुरतात. वीज २२० व्होल्टचीच. पण इमर्शन रॉड, इंडक्शन, इस्त्री नेऊ नका. वसतिगृहात ठराविक वॉटच्या वरचं उपकरण लावलं की खोलीची वीज आपोआप तुटते, आणि तपासणीत ते जप्त होतं. प्रेशर कुकर न्यायचाच असेल तर मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर आहे का, ते आधी विचारा.

उतरल्यावर चोवीस तास

भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली, तरी नानजिंगला जाणारे बरेच जण शांघायला किंवा ग्वांगचौला उतरतात. शांघायच्या पूतोंग विमानतळावरून मेट्रोच्या २ नंबरच्या मार्गाने होंगछ्याओ स्थानक गाठायला दीड तास धरा. तिथून हायस्पीड रेल्वेने नानजिंग दक्षिण स्थानक साधारण सव्वा ते पावणेदोन तास. दुसऱ्या वर्गाचं तिकीट १४० युआनच्या आसपास. तिकीट ट्रिप डॉट कॉमवर भारतातूनच काढता येतं. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. दोन मोठ्या बॅगा असतील तर विमान उतरल्यापासून किमान चार तासांनंतरची गाडी घ्या. थेट नानजिंगच्या लूखौ विमानतळावर उतरलात तर मेट्रोची एस१ लाइन दक्षिण स्थानकापर्यंत आणून सोडते.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. चीनच्या आगमन-निर्गमन कायद्यानुसार परदेशी माणसाने मुक्कामाच्या जागी पोहोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची असते. हॉटेलात राहिलात तर हॉटेल परस्पर करतं. वसतिगृहात राहणाऱ्यांची नोंद विद्यापीठ करतं, पण तुम्ही काउंटरवर जाऊन पासपोर्ट दिलात तरच. बाहेर मित्राच्या घरी उतरलात तर घरमालकासोबत त्या भागातल्या पोलीस ठाण्यात स्वतः जावं लागतं. नोंदणीचा छोटा छापील कागद मिळतो. तो जपून ठेवा, कारण निवास परवान्याच्या अर्जाला तोच जोडायचा आहे. नोंद चुकली तर ताकीद, आणि २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. पत्ता बदलला की पुन्हा नोंद. नव्या व्हिसावर किंवा नव्या पासपोर्टवर परत आलात तरी पुन्हा नोंद. विद्यार्थी इथेच चुकतात: पहिल्यांदा सगळे करतात, दुसऱ्या वर्षी खोली बदलल्यावर विसरतात.

सिम, आणि नावाचा घोळ

दुसऱ्या दिवशी सकाळी सिम. चायना मोबाइल, युनिकॉम आणि टेलिकॉम या तीन कंपन्या आहेत. भारतीय फोनला युनिकॉमचं जमण्याची शक्यता जास्त. सप्टेंबरमध्ये कॅम्पसवर विद्यार्थी योजनांचे तंबू लागतात, ते स्वस्त असतात, पण तिथले काही जण परदेशी पासपोर्टची नोंद करू शकत नाहीत. मग कंपनीच्या मुख्य दुकानात जावं लागतं. पासपोर्ट आणि समोर काढलेला फोटो एवढं पुरतं.

इथे पाच मिनिटं थांबून नाव तपासा. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात पाटील आणि नावाच्या रकान्यात अमोल सुरेश असं असेल, तर चिनी कारकून ते ‘पाटील अमोल सुरेश’ असं आडनाव आधी ठेवून टाकतो. कधी तिन्ही शब्दांत जागा सोडून, कधी सलग. बँकेतला दुसरा कारकून ‘अमोल सुरेश पाटील’ टाकतो. माणसाला हे एकच नाव वाटतं, संगणकाला दोन वेगळी माणसं. मग वीचॅटला बँक कार्ड जोडताना ‘नाव जुळत नाही’ असा संदेश येत राहतो आणि चूक नेमकी कुठे ते कोणालाच सांगता येत नाही. वडिलांचं नाव मध्ये असलेल्या आपल्याकडच्या मुलांना हे हमखास होतं. चंद्रशेखर, ज्ञानेश्वर अशी लांब नावं कधी रकान्यात मावतच नाहीत आणि शेवटची अक्षरं कापली जातात.

उपाय साधा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या चिन्हांची जी ओळ असते, तिच्यात नाव कोणत्या क्रमाने आहे ते पाहा. तोच क्रम सगळीकडे धरा. सिमच्या पावतीवर नाव कसं छापलंय याचा फोटो काढा, आणि बँकेत फॉर्म भरण्याआधी तो फोटो दाखवून ‘असंच, याच जागा सोडून’ असं सांगा. कारकून वैतागला तरी चालेल.

नवा नंबर पूर्वी दुसऱ्या कोणाचा असू शकतो, आणि त्याला कोणाचं तरी जुनं वीचॅट खातं चिकटलेलं असतं. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी वीचॅट उघडून पाहा. तसं निघालं तर तिथल्या तिथे नंबर बदलून मागा.

बँक खातं होईपर्यंत अलिपेला भारतीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून दुकानात पैसे देता येतात. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. म्हणून ३५० युआनची गादी आणि चादर एकत्र घेण्याऐवजी दोन बिलं करून घ्या. अशा कार्डावरून माणसाला पैसे पाठवता येत नाहीत. रूममेटचा वाटा द्यायला रोख ठेवा. हजार-पंधराशे युआन रोख पहिल्या महिन्याला पुरतात. सोबत डॉलर असतील तर ५,००० च्या वर गेल्यास जाहीर करावे लागतात. भारतीय रुपये नेऊन उपयोग नाही.

निवास परवाना: पासपोर्ट देण्यापूर्वी

पहिल्या आठवड्यात वैद्यकीय फॉर्मची पडताळणी आंतरराष्ट्रीय प्रवासी आरोग्य केंद्रात करून घ्या. रक्त द्यावं लागण्याची शक्यता असते, म्हणून उपाशीपोटी आणि सकाळी लवकर जा. प्रमाणपत्र यायला काही दिवस जातात. ते आलं की पासपोर्ट, प्रवेशपत्र, जेडब्ल्यू फॉर्म, पोलीस नोंदणीचा कागद, विद्यापीठाचं पत्र आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घेऊन शहराच्या आगमन-निर्गमन कार्यालयात अर्ज. बहुतेक विद्यापीठं गटाने नेतात. त्या दिवशी तापाने झोपला असाल तर लगेच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवा, पुढचा गट तीस दिवसांच्या आत आहे का ते स्वतः मोजा.

शुल्क एक वर्षापेक्षा कमी मुदतीला ४०० युआन, एक ते तीन वर्षांना ८००. पासपोर्ट तिथेच राहतो आणि एक पावती मिळते. कायद्याने १५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. पावतीवर रेल्वेने आणि हॉटेलात जाता येतं, देशाबाहेर नाही, आणि बँकेत तर ती बऱ्याचदा चालत नाहीच. म्हणून क्रम असा: आधी सिम, मग आरोग्य पडताळणी, मग परवाना, आणि परवाना चिकटवलेला पासपोर्ट परत आल्यावर बँक. काही शाखा आधी खातं उघडून देतात, पण व्यवहाराची मर्यादा इतकी कमी ठेवतात की ती वाढवायला पुन्हा जावंच लागतं. मुदतीत अर्ज झाला नाही आणि मुक्काम बेकायदा ठरला तर दिवसाला ५०० युआन, १०,००० पर्यंत दंड आहे. शंका आली तर १२३६७ हा इमिग्रेशनचा क्रमांक; तिथे इंग्रजीत उत्तर मिळतं.

बँकेत जाताना पॅन कार्डाचा नंबर न्या. परदेशी खातेदाराकडून त्याच्या देशातला कर क्रमांक मागतात, आणि तो नसल्याने परत येणारे दर सत्राला दिसतात. पासपोर्ट किंवा परवान्याची मुदत संपली की खातं गोठतं. नवा पासपोर्ट घेतलात तर परवान्यातला बदल १० दिवसांत कळवावा लागतो, आणि मग बँक, सिम, अलिपे, वीचॅट अशा चारही ठिकाणी पासपोर्टचा नंबर बदलावा लागतो. पासपोर्टला दीड-दोन वर्षंच उरली असतील तर तो भारतातच नवा करून जाणं कितीतरी सोपं.

खोली आणि थंडी

वसतिगृहातल्या पलंगावर बहुधा नुसती फळी असते. गादी, रजई, उशी कॅम्पसवरच्या दुकानात मिळतात. वीज प्रीपेड असते, आणि पैसे नेमके रात्री संपतात. शिल्लक कुठे दिसते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. रात्री अकराच्या सुमाराला दार बंद होतं.

नानजिंगच्या थंडीला लोक फसतात. तापमान शून्याच्या आसपास, बर्फ कधीमधी, मग त्यात काय? पण चीनमध्ये सरकारी मध्यवर्ती हीटिंग छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या उत्तरेलाच आहे, आणि नानजिंग दक्षिणेला येतं. बीजिंगमध्ये बाहेर उणे दहा असलं तरी खोली उबदार. इथे बाहेर दोन अंश आणि वर्गातही फारसं वेगळं नाही. त्यात हवा दमट. एका जाड जॅकेटपेक्षा दोन जोड थर्मल, लोकरीचे मोजे आणि विजेची पातळ चादर जास्त कामाची, अर्थात चादरीला वसतिगृहाची परवानगी असेल तर. हे सगळं तिथेच नोव्हेंबरमध्ये घ्या, पुण्या-मुंबईत मिळणारे हिवाळी कपडे या कामाचे नाहीत. जूनच्या मध्यापासून महिनाभर मेयू नावाचा संततधार पाऊस लागतो आणि कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंना कोकणातल्यासारखी बुरशी धरते. त्यानंतर पारा ३८ च्या पुढे.

जेवण

कॅन्टीनमध्ये पोटभर जेवण साधारण १२ ते २० युआनमध्ये होतं, कॅम्पस कार्डावर. सामिष खाणाऱ्याला अडचण नाही. हे बदकाचं शहर आहे, मिठातल्या बदकापासून बदकाच्या रक्ताच्या शेवयांपर्यंत सगळं मिळतं. डुक्कर टाळायचं असेल तर प्रत्येक मोठ्या कॅम्पसवर छिंगचन, म्हणजे हलाल, खिडकी असते.

शाकाहाऱ्यांनी फसव्या पदार्थांची यादी पाठ करावी. मापो टोफू या टोफूच्या तिखट पदार्थात खिमा असतो. परतलेल्या हिरव्या शेंगांत खिमा असतो. साधी दिसणारी पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, आणि नूडल्सचा रस्सा जवळजवळ नेहमी हाडांचा किंवा बदकाचा. ‘मांस नको’ म्हटलं की वरचे तुकडे काढून देतात, रस्सा तोच राहतो. त्याऐवजी ‘वो छृ सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, असं म्हणा आणि पाठोपाठ ‘रस्साही नको, चरबीही नको’ हे चिनीत लिहिलेलं फोनवर दाखवा. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं, बटाट्याचा कीस, वांगं, तीळ घातलेल्या थंड नूडल्स यांवर दिवस निघतात, पण ताटली घेण्याआधी दर वेळी विचारा. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण कांदा-लसणाशिवायचं असतं, जैन घरातल्या मुलामुलींना ते सर्वात सोयीचं. साउथईस्ट विद्यापीठाच्या जुन्या कॅम्पसजवळच्या जीमिंग मंदिरात शाकाहारी नूडल्स मिळतात.

डाळी, मसाले, बासमती तांदूळ ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या ॲपवरून येतात. यीवू शहरात भारतीय व्यापारी मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे बराच माल तिथून निघतो. मसूर आणि काबुली चणे सहज सापडतात. पार्सल खोलीवर येत नाही, कॅम्पसच्या पार्सल केंद्रात येतं आणि फोनवर आकडी कोड येतो. तो दाखवल्याशिवाय मिळत नाही.

आजारपण

परदेशी विद्यार्थ्यांना विमा सक्तीचा, वर्षाला साधारण ८०० युआन. बाह्यरुग्ण विभागात आधी नोंदणीचे पैसे भरा, मग डॉक्टर, मग पुन्हा पैसे आणि मग चाचणी, अशी पद्धत आहे. सगळं स्वतः भरून नंतर विम्याकडे मागायचं. त्यासाठी ‘फाप्याओ’ हे अधिकृत बिल लागतं. मोबाइलवरची पैसे भरल्याची नोंद चालत नाही. काही खर्च विमा कंपनीला आधी फोन केला तरच मिळतात, म्हणून पॉलिसीवरचा क्रमांक साठवून ठेवा. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०, आग ११९.

नोकरी, सुट्टी, मुदतवाढ

इंग्रजी शिकवायला या, तासाला दोनशे युआन देतो, असं कोणी ना कोणी विचारतंच. विद्यापीठाची लेखी परवानगी आणि परवान्यावर तशी नोंद असल्याशिवाय काम करणं बेकायदा आहे: ५,००० ते २०,००० युआन दंड, गंभीर प्रकरणात ५ ते १५ दिवस कोठडी. कामावर ठेवणारा ‘आम्ही सांभाळून घेऊ’ म्हणतो, पण परवाना तुमचा जातो.

वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीत कॅम्पसची बहुतेक कॅन्टीन बंद होतात आणि रेल्वेची तिकिटं सुटण्याच्या १५ दिवस आधी खुली होऊन काही मिनिटांत संपतात. शहराबाहेर जाताना विद्यापीठाला कळवून जा. परवान्याची मुदतवाढ मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी मागावी लागते. सप्टेंबरमध्ये संपणाऱ्या परवान्यासाठी जुलैच्या सुट्टीत भारतात निघण्यापूर्वीच विद्यापीठाच्या कार्यालयात जा, कारण ऑगस्टमध्ये ते बंद असतं, आणि मुदतवाढीत हजेरी आणि फी दोन्ही पाहिली जातात.